पिकअपचा डिझेल पंप बदलून देणाऱ्या नानांना जाहीर आभारपत्र

आदरणीय नाना,

सादर नमस्कार.

माझ्या जुन्या पिकअपच्या इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा डिझेल पंप आपण बदलून दिलात, त्याबद्दलचे आभार मी त्याच संध्याकाळी तोंडी मानले होते. परंतु आपल्या कामाची रीत पाहिल्यावर ती चारचौघांसमोर मांडल्याशिवाय ते आभार पुरे होणार नाहीत, असे मला वाटत राहिले. यावल-रावेर पट्ट्यात अशा वयाच्या पुष्कळ पिकअप आजही केळीचे घड वाहतात आणि गाडी सुरू होईनाशी झाली की पहिला संशय पंपावरच जातो. आपण मात्र आधी पुरावा मिळवलात आणि मगच पान्याला हात लावलात. माझी कृतज्ञता मुख्यतः त्यासाठी आहे.

गाडीचे दुखणे चमत्कारिक होते. पहाटे थंड असताना ती पहिल्याच सेल्फला सुरू होई, रस्त्यावर ओढही चांगली देई; पण बागेतून घड भरून डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत नेल्यावर बंद केली, की पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नसे. तासभर सावलीत उभी राहिली की मग मुकाट्याने सुरू होई. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि कापलेला घड अशा उन्हात ताटकळला, तर व्यापारी तो कोणत्या भावाने घेईल हे केळीवाल्याला सांगावे लागत नाही. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्यापूर्वीच मला नवा पंप घेण्यास सांगण्यात आले होते. तो खर्च मी करण्याच्या बेतात असतानाच कोणीतरी आपले नाव सुचवले.

आपण सुरुवात टाकीपासून केलीत. टाकीतली जाळी पाहिलीत, फिल्टरच्या तळाचे पाणी काढलेत, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा दाब हाताने अजमावलात आणि फिल्टरकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावून तीत बुडबुडे येतात का, हे बराच वेळ पाहत बसलात. जुनी रबरी नळी बाहेरून धड दिसते, पण तिला बारीक चिरा गेल्या असतील तर डिझेल बाहेर न गळताही हवा आत ओढली जाते आणि त्याचा दोष बिचाऱ्या पंपावर येतो, हे मला तेव्हा प्रथम समजले. त्यानंतर चावी फिरवून पंपावरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या झडपेचा, टक् असा आवाज ऐकलात, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल उतरवून टेस्टरवर त्यांचा फवारा आणि दाब तपासलात, सिलिंडरचे कॉम्प्रेशनही पाहिलेत. सगळे ठीक निघाले, तरीसुद्धा आपण पंपाकडे वळला नाहीत.

दुपारी आपण गाडी चांगली तापवून बंद केलीत. नेहमीप्रमाणे ती सुरू होईना. तेव्हा आपण माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके पंपाच्या डोक्यावर गुंडाळलेत आणि थोडा वेळ थांबून सेल्फ मारलात. गाडी सुरू झाली. इंजिन फिरत असताना तापलेल्या पंपावर गार पाणी कधीही ओतू नये, कारण बाहेरचा धातू आधी आकसून आतला प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, धरला जाऊ शकतो, ही ताकीदही आपण तिथल्या तिथे दिलीत. फडक्यामागचे कारण आपण इतके सोपे करून सांगितलेत की ते मी येथे लिहून ठेवतो. माझ्या गाडीचा पंप रोटरी जातीचा, म्हणजे चारही सिलिंडरना डिझेल पुरवणारा प्लंजर एकच. तो आणि त्याचे घर यांच्यामधली फट अवघ्या काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांची, असते. वर्षानुवर्षांच्या झिजेने ती वाढली की तापून पातळ झालेले डिझेल त्या फटीतून निसटते. सेल्फ मारताना इंजिन मुळातच हळू फिरते आणि पंप त्याच्याही निम्म्या गतीने. त्यामुळे डिझेलला निसटायला भरपूर वेळ मिळतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. एकदा इंजिनाने गती घेतली की निसटायला वेळ उरत नाही, म्हणूनच ती रस्त्यावर निरोगी वाटते. पंप गार केला की डिझेल दाट होते आणि झिजलेली फटही तेवढ्यापुरती निभावून नेते. एसटीच्या आगारातील आपल्या नोकरीचा दाखला देत, ओळीत बसवलेल्या प्लंजरांच्या इनलाइन पंपाच्या कॅमला इंजिन ऑइलचे वंगण मिळते, पण रोटरी पंपाला आतून डिझेलशिवाय दुसरे वंगण नाही, हा फरकही आपण सांगितलात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले किंवा पाणी राहिले तर असा पंप का लवकर मरतो, याचा उलगडा मला त्या एका वाक्याने झाला.

दुरुस्त करून तयार ठेवलेला पंप आणायला आपण माझ्यासोबत जळगावला आलात, हे आपल्या मजुरीत बसणारे काम नव्हते. तेथे दुकानदाराने काढून दिलेला पहिला पंप बाहेरून हुबेहूब होता, तरी आपण त्याची पट्टी वाचून तो परत केलात. पट्टीवरच्या अक्षर-आकड्यांत सिलिंडर किती, प्लंजर किती मिलिमीटरचा आणि पंप कोणत्या दिशेने फिरणारा, हे सगळे लिहिलेले असते आणि ते जुळल्याशिवाय पंप घेऊ नये, असे आपण बजावलेत. दुसरा पंप आपण आपल्यासमोर टेस्ट बेंचवर चढवायला लावलात, वेगवेगळ्या गतींना चारही तोंडांतून सारखे डिझेल येते की नाही हे मोजनळ्यांत पाहिलेत आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे मापे जुळवल्याची, चिठ्ठी मागून घेतलीत. सेल्फच्या मंद गतीला किती डिझेल येते, हे आपण मुद्दाम पुन्हा पाहायला लावलेत, कारण माझ्या गाडीचा रोग नेमका तेथेच होता.

पंप उतरवण्याआधी आपण बॅटरीची तार काढलीत आणि इंजिनाची ती बाजू धुऊन घेतलीत. खानदेशातली ती बारीक काळी धूळ पाइपाच्या उघड्या जोडातून आत गेली, तर नव्या पंपाचे आयुष्य पहिल्याच दिवशी निम्मे होईल, असे आपण म्हणालात आणि सुटलेल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाला लगेच टोपी घातलीत. नंतर क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलेत आणि पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वांत वरच्या टोकाला, आणलात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुलीची खूण दोनदा जुळते आणि त्यांतली कॉम्प्रेशनची वेळ एकदाच येते. म्हणून टॅपेट कव्हर उघडून पहिल्याचे दोन्ही रॉकर, म्हणजे झडपा उघडणारे दांडे, सैल आहेत आणि चौथ्याचे हलण्याच्या बेतात आहेत, याची खात्री केलीत. गिअरवरच्या खुणा पाहून घेतल्यात, पंपाच्या फ्लँजवर आणि त्यामागच्या केसिंगवर एक सरळ रेघ ओढलीत. गिअरचा नट सोडण्यापूर्वी खाली फडके कोंबलेत, कारण गिअरला शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी चावी टायमिंग केसमध्ये पडली तर समोरचे सगळे खोलावे लागते. गिअर सुटेना तेव्हा जवळच्या एकाने हातोडी पुढे केली होती. आपण ती बाजूला ठेवून पुलर लावलात.

नवा पंप बसवताना ओढलेल्या रेघेवर आपण समाधान मानले नाहीत. रेघ जुन्या पंपाची होती, नव्याची अंतर्गत मापे किंचित निराळी असू शकतात, हे आपले कारण मला पटले. पंपाच्या डोक्यावर चार पाइपांच्या मधोमध असलेला छोटा प्लग काढून आपण डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारे सुईचे मापक, लावलेत, इंजिन मागे फिरवून सुई जेथे थांबली तेथे शून्य धरलेत आणि पुन्हा पुढे खुणेवर आणून प्लंजर किती उचलला हे वाचलेत. हा आकडा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतो, पण प्रत्येक इंजिनाचा वेगळा, म्हणून आपण जवळच्या मॅन्युअलमध्ये पाहून तोच धरलात. तेवढ्यासाठी आपण पंप पुन्हा पुन्हा केसभर फिरवून बोल्ट आवळत होतात आणि दर वेळी इंजिन दोन पूर्ण फेऱ्या फिरवून आकडा परत वाचत होतात. टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, मागे राहिले तर पांढरा धूर येतो आणि गाडीत दम राहत नाही, पुढे गेले तर इंजिन कडक ठोकते. कानाला बरे वाटते म्हणून सोडून दिलेले टायमिंग पुढे पिस्टन खाते, असे आपण सांगितलेत. अंदाजाने काम उरकले असते तरी त्या दिवशी मला काहीच कळले नसते, हे मी जाणतो.

पंपाला नळ्या जोडणाऱ्या बेंजो बोल्टची, म्हणजे आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टची, गोष्ट तर प्रत्येक चालकाने ऐकावी अशी आहे. आत येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या डिझेलचे दोन बोल्ट दिसायला सारखे असतात, पण परतीच्या बोल्टात बारीक भोक असते आणि त्यावर आउट असे कोरलेले असते. त्या भोकामुळेच पंपाच्या पोटातला दाब टिकतो. दोघांची अदलाबदल झाली तर चांगला पंपही वाईट ठरतो. आपण दोन्ही ठिकाणी तांब्याचे नवे वॉशर घातलेत, पंपाच्या पोटात आधीच गाळलेले स्वच्छ डिझेल भरलेत, म्हणजे पहिली फेरी कोरडी होऊ नये. मग हँड प्रायमरने फिल्टरमधली हवा काढलीत, नोझलकडचे नट सैल करून थोडा थोडा सेल्फ मारत पाइपांतली हवा काढलीत. त्या वेळी मी पाहण्यासाठी वाकलो, तेव्हा आपण मला मागे सारलेत. शेकडो बार दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट शस्त्रक्रियेची वेळ येते, हे आपण ज्या गांभीर्याने सांगितलेत ते मी विसरणार नाही. एकेक नट आवळला गेला, इंजिन आधी अडखळले आणि मग चारही सिलिंडरवर एकसारखे चालू लागले. ओढ वाढवण्यासाठी पंपावरचा सीलबंद स्क्रू थोडा पिळावा, अशी सूचना कोणीतरी केली होती. वाढलेले डिझेल काळ्या धुरात जाते, असे सांगून आपण तिला स्पष्ट नकार दिलात, हेही मला फार आवडले.

त्यानंतर भर दुपारी, माल उतरवून बंद केलेली गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आहे. आपण सांगितल्याप्रमाणे मी डिझेल एकाच खात्रीच्या पेट्रोल पंपावरून भरतो, फिल्टरचे पाणी ठरलेल्या वारी काढतो आणि कॅलिब्रेशनची चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवली आहे. आपण मजुरी बोललात तेवढीच घेतलीत आणि शिकवण्याचे काहीच घेतले नाहीत, ते ऋण माझ्याकडे राहिले आहे.

एक विनंती आहे. आमच्या गावातली दोन मुले आयटीआय करून मोकळी बसली आहेत, हात चांगले आहेत आणि शिकण्याची इच्छाही आहे. नव्या गाड्यांमधली, एकाच दाबनळीतून सर्व नोझलना डिझेल देणारी कॉमन रेल यंत्रणा त्यांना वर्गात थोडीफार दाखवली गेली, पण डायल गेज लावून रोटरी पंप बसवताना त्यांनी कोणाला पाहिलेले नाही. पोळ्यानंतर आपल्या सवडीने त्यांना शेजारी बसू द्याल का? त्यांच्या जाण्या-येण्याची आणि जेवणाची सोय मी करीन. होकार कळवलात तर मी स्वतः त्यांना घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक