24 वर्षं नाही हो, 24 हजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या रॉकी फ्लॅट्सवरचा लेख वाचला. फोटो झकास, हरणं, गवत, मागे डोंगर. पण प्लुटोनियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, तुम्ही 24 वर्षं छापलंय. अहो 24 हजार! नीट सांगायचं तर 24,100. तीन शून्यं कुठे सांडलीत? आणि मथळ्यात म्हणे 'बंद पडलेली अणुभट्टी'. तो वीज बनवायचा कारखाना नव्हता, 1952 पासून 1989 पर्यंत तिथे बॉम्बच्या पोटातले प्लुटोनियमचे गोळे बनत होते.

एवढं चिडायला कारण आहे. माझ्या लेकीचं घर तिथून जवळच आहे आणि गेले चार महिने मी तिथेच राहतेय. घर घेताना एजंट म्हणाला होता, मागे कायम मोकळं माळरान, कुणी कधीच बांधणार नाही, व्ह्यू अडायचा प्रश्नच नाही. खोटं नाही बोलला बिचारा. का बांधणार नाही तेवढं सांगायचं राहिलं. कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी एक ओळ होती म्हणे, सह्या करताना कोण वाचतं. मला कळलं ते मी मागच्या अंगणात मेथीसाठी वाफा खणत होते तेव्हा. शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ माझ्या हातातल्या खुरप्याकडे बघत होत्या, मग हळूच म्हणाल्या, माती तपासून घेतलीत ना? मी हसले, मला वाटलं खताबद्दल विचारतायत.

आता मेथी कुंडीत आहे, पिशवीतल्या विकतच्या मातीत.

जावई म्हणतो आई उगाच घाबरता, 2005 मध्ये साफसफाई पूर्ण झाली, 7 अब्ज डॉलर गेले त्यात, सरकार म्हणतं धोका नाही. असेलही. पण वरच्या 3 फुटांत मातीच्या एका ग्रॅमला प्लुटोनियमची 50 पिकोक्युरीची (हे किरणोत्साराचं माप) मर्यादा आणि त्याखाली सूट, हा हिशेब तिथल्या प्रेअरी डॉगना, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या भाऊबंदांना, कुणी समजावलाय का? ते खुशाल खोल बिळं खणून खालची माती वर आणून टाकतात. 2019 मध्ये रस्त्याच्या कामासाठी पूर्वेच्या कडेला माती तपासली तर एका नमुन्यात ग्रॅमला 264 पिकोक्युरी निघालं, आणि त्याच नमुन्याचा दुसरा भाग तपासला तर अगदीच कमी. जावयाला यात दिलासा दिसतो. मला दिसते ती प्लुटोनियमची एक कणी, कुठल्या चिमटीत येईल सांगता येत नाही अशी. कातडीवर बसली तर काही करत नाही म्हणे, श्वासातून आत गेली तरच पंचाईत, आणि वारा तर इथे असा सुटतो की खिडकीच्या चौकटीवर दुपारपर्यंत बोटाने नाव लिहावं एवढी धूळ.

तुमच्या लेखात 1957 आणि 1969 च्या आगींवर दोन कॉलम आहेत, त्या पिंपांवर मात्र अक्षर नाही. प्लुटोनियम मिसळलेल्या तेलाची पाच हजारांवर पिंपं वर्षानुवर्षं उघड्यावर गंजत, गळत ठेवली होती, ती माती वाऱ्याने पूर्वेकडे उडाली आणि मग त्यावर डांबर ओतलं. कारखान्याबाहेरच्या मातीची गोष्ट मुख्यतः तीच आहे, आगीचे फोटो चांगले येतात म्हणून ती वगळायची का?

पत्र कापायचंच असेल तर वरचं स.न.वि.वि. कापा, शून्यं ठेवा.

आणि हो, ई-पेपरमधलं शब्दकोडं दोन आठवडे उघडत नाहीये. मेल केला की ऑटो-रिप्लाय येतो. तेवढं बघा.

एक वाचक
(सध्या मुक्काम कोलोरॅडो)