भूकंपाविना येणाऱ्या त्सुनामीचे काय? पृथ्वीविज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्री,
भारत सरकार

महोदय,
सविनय नमस्कार.

22 डिसेंबर 2018 च्या रात्री इंडोनेशियातील अनाक क्राकाताउ या ज्वालामुखी बेटाचा नैर्ऋत्येकडचा उतार समुद्रात कोसळला. 338 मीटर उंचीचा डोंगर 110 मीटरवर आला आणि त्यातून उठलेल्या त्सुनामीत सुंदा सामुद्रधुनीच्या दोन्ही किनाऱ्यांवर चारशेहून अधिक माणसे दगावली. मोठा भूकंप झालाच नव्हता, म्हणून इशारा गेला नाही. पाणी घरांत शिरले तेव्हाही सुरुवातीला ते पौर्णिमेचे उधाण समजले गेले.

आपल्याकडे हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती सेवा संस्थेमध्ये 2007 पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे. भूकंपातून उठणाऱ्या लाटांसाठी ते मोलाचे काम करते. पण त्या साखळीची पहिली कडी मुख्यतः भूकंपमापकच आहे, आणि अंदमान समुद्रातले बॅरन बेट 1991 पासून अधूनमधून धुमसते आहे. त्याचा पाण्यावर दिसतो तो भाग साडेतीनशे मीटरांचा. बाकीचा सुमारे दोन किलोमीटरचा डोंगर पाण्याखाली आहे. या समुद्राच्या तळाशी आणखीही ज्वालामुखी आहेत.

अशी बेटे घडतात कशी, यातच त्यांचा कच्चेपणा आहे. खोल समुद्रात पाण्याचा दाब इतका असतो की वाफेला फुगायला वाव मिळत नाही. लाव्हा उशांसारख्या गोळ्यांत शांतपणे साचत जातो. मुख उथळ पाण्यात आले की स्फोट सुरू होतात आणि लाव्ह्याच्या चिंधड्या उडून राख नि खडे पडतात. म्हणजे पाण्यावर डोके काढणारे नवे बेट बहुतांशी सैल राखेचा ढीग असते. 1831 मध्ये सिसिलीजवळ असे एक बेट उगवले. त्यावर तीन-चार देश हक्क सांगत राहिले आणि सहा महिन्यांत लाटांनी ते खाऊन टाकले. आइसलँडजवळचे सुर्त्से 1963 मध्ये 130 मीटर खोलीतून वर आले. ते तगले, कारण पुढच्या वर्षी मुखात पाणी शिरायचे थांबले, लाव्हा वाहिला आणि राखेवर कठीण कवच बसले. आतल्या उष्ण पाण्याने राखेचाही दगड झाला. तरी 2.7 चौरस किलोमीटरपैकी आता निम्म्याच्या आसपासच उरले आहे. अनाक क्राकाताउचा शंकू तर जुन्या क्राकाताउच्या 1883 मधील स्फोटाने पडलेल्या प्रचंड खड्ड्याच्या काठावर वाढत होता. नैर्ऋत्येला त्याला टेकूच नव्हता, आणि तो तिकडेच घसरला.

म्हणून बॅरनभोवतीच्या सागरतळाची मल्टिबीम सोनारने (एकाच वेळी अनेक ध्वनिझोत सोडून खोली मोजणाऱ्या यंत्राने) दरवर्षी, त्याच रेषांवरून मोजणी व्हावी. दोन वर्षांच्या नकाशांची वजाबाकी केली की कुठे माल साचला आणि कुठला उतार सरकला हे मीटरमध्ये दिसते. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून ते कळत नाही. मात्र पाण्याखालच्या जागृत मुखावर माणसांचे जहाज नेऊ नये. 1952 मध्ये म्योजिन-शो या समुद्राखालच्या ज्वालामुखीवर जपानचे संशोधन जहाज स्फोटात सापडले आणि त्यावरचे सर्व 31 जण गेले. हे काम चालकरहित बोटीचे आहे.

पाण्याखालचे आवाज टिपणारे हायड्रोफोन किमान तीन ठिकाणी हवेत, तरच आवाज पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून स्फोटाची जागा काढता येते. त्यांची नोंद केंद्रात तत्क्षणी पोहोचली पाहिजे. सहा महिन्यांनी वर काढून वाचायचे उपकरण संशोधनाला चालेल, इशाऱ्याला नाही.

वेळेचा हिशेबही पाहावा. हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी साडेतीनशे किलोमीटरने धावते, आणि बॅरनपासून श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) सुमारे 140 किलोमीटरवर आहे. हाताशी पंचवीस मिनिटे, फार तर अर्धा तास. त्यामुळे बॅरनला सर्वांत जवळच्या किनाऱ्यांवरील भरतीमापकांची नोंद दर मिनिटाला यायला हवी.

सर्वांत निकडीची गोष्ट मात्र उपकरणाची नाही, लेखी नियमाची आहे. दोन भरतीमापकांनी एकापाठोपाठ असाधारण चढउतार दाखवला, तर भूकंपाची नोंद नसतानाही ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला, वरिष्ठांची वाट न पाहता, इशारा देण्याचा अधिकार असावा. रात्री दोन वाजता त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातात हा कागद असला पाहिजे. त्याला खर्च नाही. आपली एक सही पुरते.

आपले नम्र,
सागरी ज्वालामुखींचे अभ्यासक