सपाट पठार, ८९ अंश उतार!

महोदय,

पायथॉन या संगणकीय भाषेत जमिनीचा उतार काढणं दोन ओळींचं काम, असं आपल्या लेखात म्हटलंय. खरंय, पण खोच तिथेच आहे. मी निवृत्त भूमापक. हौसेनं नमपाय या पायथॉनच्या गणिती संचातलं ग्रेडियंट (उंची किती झपाट्यानं बदलते ते काढणारी आज्ञा) चालवलं, तर जवळपास सपाट पठारही ८९ अंशांचं निघालं! उंची मीटरमध्ये आणि उंचीच्या नकाशातल्या चौकटींमधलं अंतर मात्र रेखांशाच्या अंशांत, ०.०००२७८. एक मीटरच्या चढाला त्यानं भागलं की कडाच उभा राहणार. यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे अंतर मीटरमध्ये देणाऱ्या नकाशा-पद्धतीत आणून ३० मीटर अंतर दिलं, तेव्हा तोच चढ जेमतेम दोन अंशांवर आला. चढ भागिले अंतर यावरून कोन देणाऱ्या आर्कटॅनचं उत्तर रेडियनमध्ये येतं, तेही अंशांत बदलून घ्यावं. आणि १०० टक्के उतार, म्हणजे जितकं आडवं अंतर तितकाच चढ, हा ४५ अंशांचा, ९० नव्हे. हे आमच्या सहकाऱ्यांनाही पटत नसे.

– एक निवृत्त भूमापक