पिवळं केळ आणि डावा रंग

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री आईनं तुला बायोडाटा पाठवला आणि दुसऱ्या मिनिटाला तुझं उत्तर आलं: 'फोटो पाहिला. नको. लुक्स नाहीत.' मी शेजारीच बसलो होतो. फोनवर तू 'हो आप्पा, हो आप्पा' करत राहतोस आणि विषय तिथंच राहतो, म्हणून कागद घेतला.

लग्नाला हो म्हण, असं सांगायला हे पत्र नाही. होकार-नकार तुझा. मला बोलायचंय ते त्या दोन मिनिटांबद्दल.

तुझ्या आत्याला पाहायला आले होते तेव्हा मी कॉलेजात होतो. बैठकीत पाच माणसं. तिनं पोहे आणून ठेवले, तर त्यातले एक जण म्हणाले, 'जरा खिडकीकडे उभी राहा गं, उजेडात.' ती उभी राहिली. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी गुणाची आहे, पण रंग जरा डावा आहे. तो सगळा हिवाळा आत्या रोज रात्री सायीत हळद कालवून तोंडाला लावून झोपायची. सकाळी उशीवर पिवळे डाग असायचे. तुझी आजी काही न बोलता अभ्रा काढायची आणि विहिरीवर धुऊन आणायची. मीही काही बोललो नाही. खरं सांगतो, मलाही तेव्हा वाटायचं की ती माणसं बोलली ते कडू असलं तरी बरोबरच आहे. बहिणीकडे मीसुद्धा त्यांच्याच डोळ्यांनी पाहत होतो, आणि हे कळायला मला फार वर्षं लागली.

यंदा जानेवारीच्या थंडीनं आपल्या केळीच्या कांदेबागेला चरका बसला. साल निस्तेज झाली, आत तपकिरी रेघा. एक्स्पोर्टची माणसं आली, फणीतल्या केळाला माप लावून जाडी बघितली, लांबी बघितली, ओरखडा दिसला की फणी बाजूला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पेटी परदेशात जाणार, तिथं त्यांना उत्तर द्यावं लागतं. पण ते गेल्यावर संध्याकाळी पाण्याची पाळी धरायला बागेत शिरलो, तर मीच घडाघडाकडे बघत चाललो होतो: हा जाईल, हा नाही जाणार, हा नाही. माझी बाग, माझ्या हातानं लावलेले कंद, आणि डोळ्यात माप दुसऱ्याचं. पुढचं केळफूल कधी उमललं, नळीला पाणी कुठं गळतंय, काही दिसेना. ओळ संपली तरी मी काहीच पाहिलेलं नव्हतं, नुसते निकाल देत आलो होतो.

आणि ज्या पिवळ्या रंगापायी एवढं चालतं, तो तरी कुठून येतो बघ. आपलं हे केळ 30 अंशांच्या वर पिकलं की गर मऊ होतो, गोड होतो, पण सालीतला हिरवा पुरता जात नाही. दुकानातला तो लिंबासारखा एकसारखा पिवळा आणायला साधारण 16 ते 18 अंशांच्या थंड खोलीत ठेवून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू द्यावा लागतो. म्हणजे तो रंग खोलीत घडवला जातो. तो बघून बघून गिऱ्हाइकाचा डोळाही तसाच घडतो, मग घरी पिकलेलं हिरवट केळ त्याला कच्चं वाटतं. तुलाही वाटलं होतं. होस्टेलवरून पहिल्या सुट्टीत आलास आणि आजीनं दिलेलं केळ 'कच्चं आहे' म्हणून ताटाच्या कडेला सारलंस. आजी म्हणाली होती, 'दाबीसन पाह्यलं का नुसतं डोयानं?'

तू म्हणशील, आप्पा, सौंदर्य ज्याच्या-त्याच्या नजरेत असतं, मला नाही आवडली, विषय संपला. अमळनेरला बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं तेव्हा हे मीही मोठ्या तोऱ्यात म्हणायचो. 1916 साली प्रताप शेटजींनी काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर गावातच, त्यामुळे वाद घालायची हौस भारी. तेव्हा वाचलेला स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम मला अजून आठवतो. 1757 साली त्यानं लिहून ठेवलंय की सौंदर्य वस्तूत नसतं, पाहणाऱ्याच्या मनात असतं, असं एक मत आहे. आम्ही पोरं तिथंच थांबायचो, कारण तेवढं सोयीचं होतं. पण तो पुढे म्हणतो की सगळ्यांची पारख सारखी नसते. पुष्कळ पाहावं लागतं, ताडून बघावं लागतं आणि मनातला पूर्वग्रह बाजूला ठेवावा लागतो. मला आज हे पुढचंच जास्त महत्त्वाचं वाटतं. सौंदर्य तुझ्या नजरेत आहे हे कबूल, पण तुझी नजर कुणी पिकवली? तुझ्या मोबाइलमधल्या हजार चेहऱ्यांनी, गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींनी, आणि थोडी आपल्या घरानंही, कारण आत्याच्या वेळी मी गप्प बसलो होतो.

मुक्ताईच्या पालखीबरोबर आपल्या गावची माणसं पंढरीला जातात. त्या सावळ्या रूपापुढे उभं राहिलं की माझ्यासारख्याच्याही डोळ्यांत पाणी येतं. तीच आम्ही माणसं घरी येऊन सुनेचा रंग उजेडात बघतो. अजिंठ्याला शाळेच्या सहलीत गेला होतास, आठवतं? पहिल्या लेण्यात गोऱ्या बायका आहेत तशा सावळ्याही आहेत, दागिने तसेच, डोळ्यांतली माया तशीच. ज्यानं त्या काढल्या त्याला त्यांच्यासमोर किती वेळ बसावं लागलं असेल!

मन निवाडा करणारच, त्याला कुणी थांबवू शकत नाही. मलाही पहिल्या नजरेत माणूस बरा-वाईट वाटून जातो. पण वाटून गेलं की मी हल्ली थोडा थांबतो आणि स्वतःला विचारतो, हे मला दिसलं का आधीच ठरलेलं होतं? बहुतेक वेळा आधीच ठरलेलं निघतं.

त्या फोटोत मुलगी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी आहे, ऊन तोंडावर आल्यामुळे एक डोळा बारीक झालाय. हातात कसली तरी फाइल घट्ट धरलीय. मला वाटतं, फोटो काढायचा तिला कंटाळा असावा. तू बघितलंस का हे? भेटूनही नको वाटली तर नको म्हण, माझा तुला एक शब्दही जाणार नाही.

तिचे वडील रविवारी फोन करणार आहेत. कारण विचारतील, आणि ते मला माझ्या तोंडानं सांगावं लागेल. त्याआधी एकदा कळव.

आई बरी आहे. भरिताची वांगी पाठवतेय, हिरवीच आहेत. रूमवरच्या पोरांना आधीच सांगून ठेव.

तुझे,
आप्पा