प्रकल्प विकत नको, मार्गदर्शक हवा

मा. संपादक,

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की फोंड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत थर्माकोलचे ज्वालामुखी दिसू लागतात. परीक्षक म्हणून मी असे बरेच ज्वालामुखी पाहिले आहेत. ‘लाव्हा लाल का?’ असे विचारले की मुले पालकांकडे बघतात!

गोव्यात मार्गदर्शकांची वानवा नाही. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र, जुने गोवेला किनारी शेतीची संशोधन संस्था, शिवाय ताळगाव पठारावर विद्यापीठ. सीएसआयआरचा (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा) ‘जिज्ञासा’ उपक्रम २०१७ पासून मुलांना प्रयोगशाळेपर्यंत नेतो, हे चांगलेच. पण एका दिवसाच्या भेटीत फोटो निघतात, संशोधन होत नाही.

अकरावीच्या मुलाने आपल्या गावच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतात, मानशीजवळच्या (भरती-ओहोटीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांजवळच्या) पाण्याचा खारटपणा वर्षभर, भरती-ओहोटीच्या वेळा नोंदवून मोजला, तर? पाऊस ओसरल्यावर खारटपणा कधी वाढू लागतो, खाऱ्या जमिनीत पिकणारे कोरगुट भात तो कुठवर सोसते, हे प्रश्न त्याच्या घरचेच आहेत. उपकरण फार महाग लागत नाही. लागतो तो महिन्यातून एकदा वही तपासून ‘हा आकडा असा कसा आला?’ विचारणारा शास्त्रज्ञ. पेडणे, सांगे, काणकोणच्या मुलांसाठी हे फोनवरूनही जमेल. शिक्षण खात्याने इच्छुक शास्त्रज्ञांची यादी उच्च माध्यमिक विद्यालयांना द्यावी आणि अशा वहीला प्रकल्पाचे गुण द्यावेत, निष्कर्ष चुकला तरीही.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, फोंडा