लाईनची वही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर जे सांगायचे टाळले, ते लिहून कळवते आहे, कारण तुमचा आवाज जरा जरी उतरला असता तरी मला पुढे बोलवले नसते. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रांच्या देखभालीचा व्यवसाय मी आणि माझी एक सहकारी मिळून सुरू करीत आहोत. तुम्हांला आधी विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते. पण हा निर्णय एका रात्रीत झालेला नाही आणि त्याचे मूळ तुमच्याच घरात आहे.

बाबा, मी 15 वर्षांची असताना घेतलेली, घरोघरी पेपर टाकायची लाईन तुम्हांला आठवत असेल. एकूण 42 घरे होती. एजंटाला दर आठवड्याला रोख पैसे द्यावे लागत आणि घरोघरचे बिल महिना संपल्यावर, बहुतेक ठिकाणी 10 तारखेला, वसूल होई. म्हणजे 1 तारखेला टाकलेल्या अंकाचे पैसे हाती यायला 40 दिवस लागत. पहिल्याच महिन्यात वहीत नफा दिसत होता आणि एजंटाला द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हते. तेव्हा तुम्ही पैसे दिलेत, पण उसने म्हणून, आणि 5 हप्त्यांत ते पुरते वसूल केलेत. आई त्यावरून दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. मलाही त्या वेळी ते कठोर वाटले होते, हे आज कबूल करते. मात्र वहीतला नफा निराळा आणि हातातली रोकड निराळी, हे मला त्या हप्त्यांमुळेच कळले; म्हणून तर आम्ही देखभालीचे वर्षाचे पैसे ग्राहकांकडून आगाऊ घेणार आहोत, आणि 8 महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मी राजीनाम्याचा विषयसुद्धा काढला नाही.

आई, तो पावसातला दिवस तू विसरली नसशील. पिशवीचे तोंड उघडे राहिले, 9 अंक भिजले आणि मी ते तसेच दारांत टाकून घरी आले. तू माझे डोके पुसता पुसता एवढेच विचारलेस, "तुझ्या घरी असा पेपर आला असता तर?" मी उलट पावली गेले आणि नऊही घरी कोरडे अंक देऊन आले. एका अंकामागे किमतीचा चौथा हिस्सा मला सुटे, म्हणजे एक अंक बदलून दिला की तीन अंकांची कमाई जाई. त्या दिवशी 27 घरांची कमाई गेली. पण त्या नऊपैकी एकाही घराने पेपर बंद केला नाही. ग्राहकाची तक्रार येण्याआधी आपण त्याच्या दारात उभे राहायचे, हा आमच्या कामाचा पहिला नियम मी तिथूनच घेतला आहे.

दहावीच्या वर्षी लाईन सोडताना बाबांनी मला नव्या मुलाबरोबर आठवडाभर फिरायला लावले होते, तसेच आताही माझ्या जागी आलेल्या मुलीला सगळे काम समजावून देऊनच मी निघते आहे. कोणाचेही मन दुखवलेले नाही, याची खात्री बाळगा.

तुम्हांला दरमहा येणारी रक्कम त्याच तारखेला येत राहील. ती मी वेगळ्या खात्यात ठेवली आहे आणि व्यवसायाचा तिच्याशी काहीही संबंध नाही. तुमच्या आरोग्य विम्याचा पुढच्या वर्षाचा हप्ताही भरून टाकला आहे. तेव्हा माझ्यासाठी म्हणून कोणताही खर्च कमी करू नका. बाबांनी रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आईने मोतीबिंदूची तपासणी याच महिन्यात करून घ्यायची. "पुढे बघू" हे उत्तर मी ऐकणार नाही. रागावून लिहीत नाही, आई, फक्त काळजी वाटते. पहाटे मी परत येईपर्यंत तू खिडकीत उभी असायचीस, ते मला कोपऱ्यावरूनच दिसायचे.

बाबा, लाईनची ती वही मला हवी आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. पण तुम्ही शिडीवर चढू नका. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा काढीन.

तुमची लाडकी,
धाकटी