गृहमंत्री साहेब, स्टीलची जुनी पिस्तुलं सरसकट जमा करू नका

माननीय गृहमंत्री साहेब,

नमस्कार. पोलिसांची पिस्तुलं बदलायचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आलाय. सगळी जुनी स्टीलची परत घ्यायची आणि त्या जागी पॉलिमर म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या फ्रेमची, स्ट्रायकरवाली (मागे हॅमर नसलेली, आतल्या स्प्रिंगवरच्या पिनने गोळी उडवणारी) नवी द्यायची, असं त्यात आहे. मी नोकरीभर कमरेला स्टीलचंच पिस्तूल लावून ड्युटी केली, आता निवृत्त आहे म्हणून उघड लिहू शकतोय. मागणं एवढंच आहे की ज्याला जुनं हवंय आणि जो रेंजवर त्याच पिस्तुलाने पास होतो, त्याच्याकडून ते काढून घेऊ नका.

साहेब, पोलीस जेव्हा जेव्हा पिस्तूल बाहेर काढतो त्यातल्या बहुतेक वेळा गोळी सुटत नाही, आणि सुटूही नये. समोर अंधार असतो, आरडाओरडा चालू असतो, माणूस हात वर करतोय की खिशात घालतोय ते धड दिसत नाही, आपल्याला धाप लागलेली. अशा वेळी हातात स्मिथ अँड वेसनचं ५९०६ असेल, किंवा सीझेड ७५ बीडी असेल, तर हॅमर, म्हणजे मागचा घोडा, खाली असतो आणि पहिल्या गोळीसाठी ट्रिगर चांगला लांब ओढावा लागतो, साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. त्या ओढीत थांबायला जागा असते. समोरच्याने हातातलं टाकलं, तुम्ही बोट सैल केलं, विषय संपला. आणि खरंच गोळी चालवावी लागली तर दुसऱ्या गोळीपासून तोच ट्रिगर दोन-सव्वादोन किलोवर येतो, म्हणजे नेम धरायला हलका. काम संपलं की डिकॉकर नावाचा खटका दाबायचा, हॅमर सुरक्षित खाली. पोलिसाच्या कामाला याहून योग्य रचना मी तरी पाहिली नाही.

स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात प्रत्येक ओढ सारखीच, आखूड, अडीच किलोच्या आसपास. शिकवायला सोपं आहे हे मी मान्य करतो, नवीन भरतीच्या पोरांना लवकर जमतं. पण याच आखूड ट्रिगरची धास्ती न्यूयॉर्क पोलिसांनाही होती, त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या ग्लॉक या स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात १२ पाउंडाचा म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचा जड ट्रिगर बसवून घेतला होता. तो मग पहिल्याच नाही, प्रत्येक गोळीला जड, आणि त्यात नेम हलतो. जुन्या पिस्तुलात ही अडचण आधीच सुटलेली होती.

यावर वरिष्ठ म्हणतात की बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवायला शिकवा, झालं. शिकवलंच पाहिजे, मी स्वतः शिकवलंय. पण एका हाताने कुणाचा दंड घट्ट धरला की दुसऱ्या हाताची मूठ आपोआप आवळते, शरीरच तसं आहे, आणि दमलेल्या घाबरलेल्या माणसाचं बोट कधी आत गेलं ते त्यालाही कळत नाही. ट्रेनिंग चुकेल तेव्हा काय, याचं उत्तर हत्यारात असायला हवं.

पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना तर हा फरक हाताला कळतो. जॅकेटची दोरी, शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये अडकतं आणि आपण नजर समोरच्यावर ठेवून पिस्तूल आत ढकलतो. हॅमरवाल्या पिस्तुलाच्या हॅमरवर अंगठा ठेवून आत सरकवलं आणि काही अडकलं, तर हॅमर उठायला लागतो, अंगठ्याला लगेच लागतं, हात थांबतो. साध्या स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात अंगठ्याखाली हलणारं काही नसतंच. शस्त्रागारातही तसंच आहे, ग्लॉक साफ करायला उघडायचं तर आधी ट्रिगर ओढावा लागतो, चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामा आहे ना हे नीट बघितलं नाही की अनर्थ. ५९०६ काय, सीझेड ७५ काय, जुनं ब्राउनिंग हाय-पॉवर काय, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे घेऊन स्लाइड स्टॉपची खीळ काढली की उघडतं, ट्रिगरला हात लावावा लागत नाही.

वजनाचं सांगतो कारण सगळी तक्रार त्याचीच असते. रिकामं ग्लॉक १७ साधारण सव्वासहाशे ग्रॅमचं, ५९०६ एक किलोच्या थोडं वर. गोळी तीच, धक्का तोच, पण जड पिस्तूल हातात कमी उसळतं, दुसरा नेम लवकर लागतो. शिवाय मॅगझिन रिकामं होत जातं तसं हलकं पिस्तूल आणखी हलकं होतं, कारण त्याच्या भरलेल्या वजनात काडतुसांचाच वाटा मोठा असतो. स्टीलच्या हाती हा बदल फारसा जाणवत नाही. वर्षाकाठी ज्याला मोजकेच राउंड फायर करायला मिळतात त्याला ही मदत फार मोलाची आहे.

५९०६ आणि हाय-पॉवरमध्ये अजून एक सोय आहे, मॅगझिन बाहेर असेल तर गोळी सुटत नाही. झटापटीत पिस्तूल हातातून जाणार असं वाटलं तर बटण दाबून मॅगझिन पाडायचं, मग ते दुसऱ्याच्या हातात पडलं तरी चालत नाही. यावर मतभेद आहेत, मॅगझिन बदलताना आत असलेली एक गोळीही वापरता येत नाही असं म्हणणारे आहेत, तेही खरं आहे. माझं मत विचाराल तर झटापट जास्त वेळा होते.

आता नव्याच्या बाजूचं. ज्याची कंबर दुखते त्याच्यासाठी वरचे चारशे ग्रॅम खरंच जास्त आहेत, बारा तास पट्टा घालणाऱ्यालाच ते माहिती. ज्यांचे हात लहान आहेत, यात बऱ्याच महिला कर्मचारी येतात, त्यांचं बोट जुन्या जाड ग्रिपवरून त्या लांब ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, त्यांना बॅकस्ट्रॅप म्हणजे मुठीचा मागचा भाग बदलता येणारं नवीन पिस्तूलच द्या. घामाने पॉलिमर गंजत नाही, जुन्या काळ्या फिनिशच्या स्टीलला रोज तेलाचं फडकं लागतं, आणि स्टेनलेसही अगदी निर्धास्त सोडून चालत नाही. रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, लावायचा असेल तरी नवीनच सोयीचं. म्हणून सगळ्यांना जुनं द्या असं मी म्हणतच नाहीये.

जुनी आता टिकणार नाहीत, हे कारण मात्र मला पटत नाही. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने १९९० मध्ये स्मिथ अँड वेसनचंच स्टेनलेसचं ४००६ घेतलं आणि ते तीसेक वर्षं चालवलं, कॅनडाच्या आरसीएमपी या राष्ट्रीय पोलीस दलानेही त्याच कंपनीचं स्टीलचं ५९४६ दशकानुदशकं कमरेला ठेवलं. स्टीलची फ्रेम लवकर संपत नाही, संपतात त्या स्प्रिंगा. रिकॉइल स्प्रिंग, मॅगझिनची स्प्रिंग वेळेवर बदलली नाही की पिस्तूल अडकतं, आणि मग दोष पिस्तुलाला दिला जातो. ५९०६ ची मालिका कंपनीने बंद केली त्याला बरीच वर्षं झाली, सुटे भाग मिळवणं अवघड होत चाललंय ही अडचण खरी आहे, पण सगळी पिस्तुलं एकदम वितळवली तर आहे तीही सोय जाईल.

म्हणून आदेशावर सही करण्याआधी प्रत्येक पिस्तूल आर्मररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून, तपासून घ्या. फ्रेमला तडा गेलेलं, स्लाइड झिजलेलं असेल ते बाद करा, पण त्याचे एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा), डिकॉकर, मॅगझिन असे चांगले भाग काढून नोंद करून ठेवा. उरलेल्यांना नव्या स्प्रिंगा घालून द्या. ज्यांना ती ठेवायचीत त्यांची परीक्षा इतरांसारखीच घ्या, पहिली गोळी डबल अॅक्शनवरच, म्हणजे त्या लांब ओढीनेच, मारायला लावा, नापास झाला तर बिनदिक्कत नवीन पिस्तूल द्या. आणि ही पिस्तुलं ओळखणारे जे थोडे आर्मरर उरलेत त्यांच्या हाताखाली दोन-तीन तरुण आत्ताच बसवा, कारण ते निवृत्त झाले की डबल अॅक्शनची दुरुस्ती शिकवायला कुणी राहणार नाही.

आपला,
एक निवृत्त पोलीस अधिकारी